कोयरी कोणासमोर थांबते

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाहून आलेले पत्र थोडे संक्षिप्त करून येथे देत आहे.

“माझे वय 36, मी एका पतसंस्थेत नोकरी करते. आमच्याकडे संक्रांतीचे हळदी-कुंकू मोठे असते, तीसएक बायका येतात. सासूबाईंनी ते 27 वर्षे हौसेने केले. 2 वर्षांपूर्वी सासरे हृदयविकाराने गेले. तेव्हापासून त्या दिवशी सासूबाई स्वयंपाकघरात बसून असतात आणि बाहेरचे सगळे मी पाहते. गेल्या वर्षी मला राहवले नाही. दोन मैत्रिणींच्या देखत मी कोयरी घेऊन आत गेले आणि त्यांना कुंकू लावायला हात पुढे केला. त्यांनी तोंड फिरवले, रात्री जेवल्याही नाहीत. नंतर म्हणाल्या, ‘शेजारच्या काकूंना मी 22 वर्षांत एकदाही बोलावले नाही. आता मी कोणत्या तोंडाने बाहेर बसू?’ माझे यजमान म्हणतात की समाज असाच चालतो, एकटीने काही केल्याने तो बदलत नाही, उगाच घरात रडारड नको. मैत्रिणी म्हणतात, आम्हाला चालेल पण आमच्या सासवांना चालणार नाही. यंदा काय करावे? कार्यक्रम बंदच करून टाकावा का? ता. क. वाण म्हणून दिवाळीतच कुंकवाचे 30 करंडे आणून ठेवले आहेत.”

प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात तिघांनी तीन कारणे सांगितली आहेत. यजमानांचे कारण सर्वांत वजनदार वाटते, कारण त्यात ‘समाज’ हा शब्द आहे. मैत्रिणींचे कारण व्यवहारी आहे. सासूबाईंचे कारण तुम्ही घडलेला प्रसंग सांगता सांगता लिहून गेला आहात आणि पुढे त्याकडे पुन्हा वळलेल्या नाहीत. मला मात्र ते तिसरे वाक्य दोनदा वाचावे लागले. त्याच्याकडे येतेच, पण त्याआधी पहिल्या दोन कारणांचा निकाल लावायला हवा.

एकटीने काही केल्याने समाज बदलत नाही, असे यजमान म्हणतात. मग त्या दिवशी सासूबाईंना स्वयंपाकघरात बसवते कोण, हे त्यांना विचारून पाहा. तुमच्या घरी पंच येत नाहीत, भटजी येत नाहीत, तसा कुठला कागदही येत नाही. सासूबाई दुपारी चारच्या सुमारास आपणहून आत जातात, तुम्ही पाहुण्यांदेखत त्यांना बाहेर या म्हणत नाही, येणारी प्रत्येक जण ‘काकू कुठे दिसत नाहीत?’ असे न विचारता सतरंजीवर बसते, आणि ज्या हातात कोयरी आहे तो हात ओळीने पुढे सरकत राहतो. ज्याला यजमान समाज म्हणतात तो त्या दिवशी तुमच्या घरात याच चार-सहा हालचालींच्या रूपाने हजर असतो. त्यांतली प्रत्येक हालचाल कोणा ना कोणा एकट्या व्यक्तीचीच असते, आणि अशाच हालचाली त्या संध्याकाळी गल्लीतल्या दहा घरांत चालू असतात, म्हणून ती रीत आपल्याला भिंतीसारखी पक्की वाटते.

तरीही यजमान अगदीच चुकीचे आहेत असे मी म्हणणार नाही, कारण गेल्या वर्षी तुम्ही नेमकी एकटीने कृती केलीत आणि ती फसली. ती का फसली याचा विचार करण्यासारखा आहे. तुमच्या मनात सासूबाईंविषयी आदर होता, याबद्दल मला शंका नाही. पण अमेरिकन विचारवंत जॉर्ज हर्बर्ट मीड यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत आपल्या विद्यार्थ्यांना जे शिकवले, त्याचा एक भाग असा होता की एखाद्या हावभावाचा अर्थ करणाऱ्याच्या मनात पूर्ण होत नाही, समोरचा त्याला जो प्रतिसाद देतो त्यात तो ठरतो. तुम्ही हात पुढे केलात तो मान देण्यासाठी. सासूबाईंना दिसले ते वेगळेच. दोन परक्या घरच्या मुली पाहत आहेत, आपल्या कपाळावर काय नाही याची आता जाहीर चर्चा होणार आहे, आणि नाही म्हणायलाही सवड नाही. सन्मानाची खूण तुम्ही एकटीने ठरवली होती आणि त्यांच्यापर्यंत ती पोहोचली तेव्हा तिचा अर्थ उलटला होता.

कुंकवाच्या बाबतीत हे आणखी अवघड आहे, कारण तिथे आपली भाषासुद्धा घाबरलेली आहे. मराठीत बांगडी फुटत नाही, ती ‘वाढते’. मंगळसूत्र तुटले असे घरातली जुनी माणसे म्हणत नाहीत, ‘वाढवले’ म्हणतात. जो शब्द तोंडावाटे काढायचीसुद्धा चोरी आहे, त्या शब्दामागच्या अवस्थेत जी स्त्री प्रत्यक्ष जगते आहे तिला आपण सणाच्या दिवशी कुठे बसवणार, हे आपण बोलायला शिकतो त्याच वयात शिकून जातो, कोणी समोर बसवून शिकवावे लागत नाही. सासूबाई ही भाषा 60 वर्षे बोलत आल्या आहेत. एका संध्याकाळी, पूर्वसूचना न देता, तुम्ही त्यांना तिचे व्याकरण बदलायला सांगितलेत.

मी हे वरून उपदेश केल्यासारखे लिहीत नाही. माझे वडील गेले त्यानंतर ओळीने 9 वर्षे माझी आई संक्रांतीला आतल्या खोलीत उसाचे करवे तोडत आणि बोरे निवडत बसली, आणि त्याच 9 वर्षांत मी बाहेर कोयरी फिरवली व अधूनमधून नियतकालिकांत स्त्रियांच्या प्रश्नांवर लेखही लिहिले. दहाव्या वर्षी आमची मामी आली. ती ओसरीवर थांबलीच नाही, थेट आत जाऊन आईशेजारी पाटावर बसली आणि तिने मला हाक मारली, “अगं, कोयरी इकडे आण, मी इथेच बसलेय.” मी आत गेले, मामीला हळद-कुंकू लावले, मनगटावर अत्तर लावले, गुलाबदाणी शिंपडली. मामीला भेटायचे म्हणून आणखी तिघी आत आल्या, त्यांच्यामागून दोन मुली आल्या, आणि आमच्या त्या दहा बाय आठच्या खोलीत बसायला जागा उरली नाही. त्या गर्दीत आईसमोर आल्यावर मी थबकले. तिने माझा हात धरून हळद लावून घेतली आणि कुंकवाला नको म्हणाली. का, ते मी तिला तेव्हा विचारले नाही आणि नंतरही नाही. तिळगूळ मात्र तिने स्वतः सगळ्यांना वाटला. मामीने कोणताही नियम मोडला नव्हता, ती फक्त वेगळ्या ठिकाणी बसली होती. मला 9 वर्षांत ते सुचले नाही, याचे आजही वाईट वाटते.

आता ‘समाज असाच चालतो’ या वाक्याकडे पुन्हा. आपल्याकडे या विषयाचा इतिहास पुष्कळ आहे, आणि त्यात कायदा, एकट्याची कृती आणि सगळ्यांनी मिळून धरलेला अर्थ या तीन गोष्टींचे वेग किती वेगवेगळे असतात ते स्पष्ट दिसते. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा 1856 मध्ये झाला. त्यानंतर तब्बल 37 वर्षांनी, म्हणजे 1893 मध्ये, फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्वे यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या विधवा गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. कायद्याच्या दृष्टीने त्यात काहीच वावगे नव्हते, तरी त्यांच्या कोकणातल्या मुरूड गावच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. कागद एक सांगत होता आणि गावाच्या मनातला अर्थ दुसरेच सांगत होता, आणि जगायचे होते ते गावात. कर्व्यांनी त्याच वर्षी विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली होती. 1895 मध्ये तिचे नाव बदलून विधवाविवाह प्रतिबंध निवारक मंडळी असे झाले. ‘उत्तेजन’ जाऊन ‘प्रतिबंध निवारण’ आले, या बदलाकडे माझे लक्ष नेहमी जाते. माणसाला ढकलण्यापेक्षा त्याच्या वाटेतले धोंडे बाजूला करावेत, असा काहीसा अनुभव त्यामागे असावा असे मला वाटते. पुढे 1896 मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि आयुष्याची उरलेली शक्ती मुख्यतः शिक्षणात घातली.

दुसरा प्रसंग मुंबईचा. 1890 मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळी एकत्र जमली आणि विधवांचे केशवपन आपण करणार नाही, असे त्यांनी ठरवले. मला हा प्रसंग कर्व्यांच्या प्रसंगाइतकाच महत्त्वाचा वाटतो. धर्मशास्त्रात काय लिहिले आहे यावर विद्वानांची खडाजंगी वर्षानुवर्षे चालू होती, पण वस्तरा चालवायला हात लागतात, आणि त्या हातांच्या मालकांनी ‘आमच्याकडून हे होणार नाही’ असे म्हटल्याबरोबर शास्त्राचा तो भाग अडतो. एकेकट्या न्हाव्याने नाही म्हटले असते तर त्याचे गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे गेले असते. सगळ्यांनी मिळून, एकमेकांसमक्ष म्हटले म्हणून त्याला जोर आला. बांगड्या फोडायला, कुंकू पुसायला आजही हात लागतातच, आणि ते बहुतेक वेळा घरातल्या बायकांचे असतात, हेही या संदर्भात विसरू नये.

येथे एक गोष्ट मध्येच सांगून टाकते, कारण यजमान पुढचा मुद्दा ‘आपली परंपरा’ असा काढतील. केशवपन किंवा पुनर्विवाहाला मनाई या मुख्यतः ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या जातींतल्या रीती होत्या. महाराष्ट्रातल्या अनेक जातींमध्ये विधवेचा पाट लावण्याची, म्हणजे तिचे पुन्हा लग्न लावण्याची, पद्धत पूर्वापार होती. तेव्हा परंपरा नेमकी कोणाची आणि केव्हापासूनची, हे विचारायला हरकत नाही.

तिसरे उदाहरण तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यातले आणि अगदी अलीकडचे आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने 4 मे 2022 रोजी ठराव केला की पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथा गावात बंद करण्यात येत आहेत. करोनाच्या साथीत तरुण वयाच्या अनेक स्त्रियांवर ही वेळ आली होती, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. करमाळ्याचे सामाजिक कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांनी या प्रथेविरुद्ध मोहीम चालवली होती आणि आपल्या पश्चात आपल्या पत्नीवर या प्रथेची सक्ती होऊ नये, असे त्यांनी स्टॅम्पपेपरवर लिहून दिले होते. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवण्याचे आवाहन केले.

ठरावाने कोणाच्या कपाळी आपोआप कुंकू लागत नाही, हे मान्य. मग त्याने होते काय? हेरवाडमधल्या एखाद्या सासूला आपल्या सुनेच्या बांगड्या फोडू नयेत असे आधीपासून वाटत असेल, पण शेजारणीला काय वाटते ते तिला कधी कळलेले नसेल, आणि शेजारणीचीही तीच गत असेल. ठराव भर सभेत मंजूर झाला म्हणजे प्रत्येकीला दोन गोष्टी कळल्या: आपल्याला हे नको आहे, आणि इतरांनाही नको आहे हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. अंत्यविधीच्या वेळी कोणी वडीलधारी बाई सवयीने पुढे सरकली तर ‘अहो, गावाने बंद केलेय ते’ असे म्हणण्याची सोय झाली. असे म्हणणाऱ्याला स्वतःच्या धैर्याचे प्रदर्शन करावे लागत नाही, ही या सोयीतली सर्वांत मोठी गोष्ट.

याच जागी तुमच्या मैत्रिणींचे वाक्य येऊन बसते. “आम्हाला चालेल, पण आमच्या सासवांना चालणार नाही.” या वाक्यात विरोध करणारी व्यक्ती नेहमी गैरहजर असते, हे तुमच्या लक्षात आले का? त्या सासवांना विचारले तर त्या म्हणतील की आमचे काही नाही, पण आल्या-गेल्या बायका नावे ठेवतील. आणि आल्या-गेल्या बायका म्हणजे तुमच्या मैत्रिणीच. प्रत्येक जण आपला नकार दुसरीच्या तोंडी घालते, आणि ज्या नकाराचा धनी कोणीच नाही तो सगळ्यांवर राज्य करतो.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1978 मध्ये एक साधा हिशेब मांडला होता, तो तुम्हाला पतसंस्थेत काम करत असल्याने आवडेल. समजा 100 माणसांचा जमाव आहे. त्यात एक जण कोणाचीही वाट न पाहता सुरुवात करणारा आहे, दुसरा ‘कोणीतरी एकाने केले तर मी करीन’ अशा वृत्तीचा, तिसरा दोघांनी केल्यावर करणारा, असे करत शेवटचा 99 जणांनी केल्यावर करणारा. पहिल्याने सुरुवात केली की साखळी सुरू होते आणि शंभरच्या शंभर जण सामील होतात. आता फक्त एक बदल करा. ‘एकाने केले तर मी करीन’ म्हणणाऱ्याच्या जागी ‘दोघांनी केले तर करीन’ म्हणणारा माणूस ठेवा. पहिला माणूस सुरुवात करतो आणि एकटा पडतो, पुढे काहीच घडत नाही. बाकीचे 98 जण जसे होते तसेच आहेत, पण बाहेरून पाहणारा म्हणतो की एक चक्रम सोडला तर हा समाज फार जुन्या वळणाचा आहे.

गेल्या वर्षी तुम्ही तो पहिला माणूस होतात आणि दुसरी कोणी नव्हती. त्या दोन मैत्रिणी तिथे उभ्या होत्या, पण त्यांना आधी काही सांगितलेले नव्हते, त्यामुळे त्यांना प्रेक्षक होण्यावाचून गत्यंतर नव्हते. म्हणून यंदा पहिली गोष्ट अशी करा की रविवारी दुपारी निवांत बसून येणाऱ्या 30 बायकांची यादी लिहा. प्रत्येकीच्या नावापुढे ती खरोखर उठून जाईल का, कुरकुरेल का, काहीच बोलणार नाही का, की आनंदाने मान्य करील, हे प्रामाणिकपणे लिहा. मग जिच्याविषयी खात्री आहे अशा चौघी-पाच जणींना एकेकटीला गाठून आधी बोला, आणि ‘तुमच्या सासूबाईंना मी स्वतः विचारू का?’ असेही विचारा. उठून जाणाऱ्या तीसपैकी तीन निघाल्या तर त्यांना तीनच समजायचे, गाव समजायचे नाही.

आता सासूबाईंच्या त्या वाक्याविषयी.

“शेजारच्या काकूंना मी 22 वर्षांत एकदाही बोलावले नाही. आता मी कोणत्या तोंडाने बाहेर बसू?” तुम्ही याला त्यांचा जुनाटपणा समजलात, निदान पत्राच्या रोखावरून तसे वाटते. मला ते एका न्यायी बाईचे वाक्य वाटते. जो नियम आपण दुसरीला लावला तो आपल्यावर आल्यावर मोडायचा नाही, आपल्या सुनेला नव्या विचारांची हौस आहे म्हणून आपल्याला सवलत मिळावी आणि भिंतीपलीकडे राहणाऱ्या बाईला 22 वर्षे ती मिळू नये, हे त्यांना पटत नाही. 27 वर्षे ज्या बाईने तीस-तीस जणींना कुंकू लावले, तिच्यासाठी त्या रीतीचा अर्थ तिच्याच हातांनी घट्ट झालेला आहे. आज बाहेर येऊन बसायचे तर ‘तेव्हा मी जे केले ते चूक होते’ हे आधी मान्य करावे लागते, आणि तेही अशा माणसासमोर जे रोज सकाळी अंगणात समोर दिसते. तुमच्या कोयरीत या अडचणीवर उत्तर नव्हते.

म्हणून माझा सल्ला असा की यंदाची सुरुवात सासूबाईंपासून करू नका. सुरुवात काकूंपासून करा, आणि ती तुम्ही करू नका, सासूबाईंना करू द्या. संक्रांतीला अजून अवकाश आहे. एखाद्या संध्याकाळी, घरात पुरुष मंडळी नसताना, सासूबाईंना इतकेच म्हणा की काकूंना बोलवावे असे माझ्या मनात आहे, पण मी बोलावले तर त्या येणार नाहीत, तुम्ही बोलावलेत तर येतील. कुंकवाचा विषय त्या दिवशी अजिबात काढू नका. त्या गप्प बसतील, कदाचित विषय बदलतील. आठ दिवस जाऊ द्या आणि पुन्हा एकदा म्हणा, तिसऱ्यांदा म्हणू नका. त्या काकूंकडे गेल्या तर तिथे काय बोलणे होते ते तुमच्यासमोर व्हायलाच हवे असे नाही, आणि नंतर खोदून विचारूही नका. 22 वर्षांचा हिशेब त्या दोघींचा आहे.

काकू नाही म्हणण्याचीही शक्यता आहे, आणि तो त्यांचा हक्क आहे. इतकी वर्षे बाजूला ठेवल्यावर एका निमंत्रणाने त्यांनी हरखून जावे, अशी अपेक्षा आपण का करावी? तसे झाले तर सासूबाईंनी तिळगुळाची वाटी घेऊन संक्रांतीच्या सकाळी त्यांच्याकडे जाऊन यावे, आणि संध्याकाळी बाहेरच्या खोलीत येऊन बसायचे की नाही ते स्वतः ठरवावे. माझा अंदाज असा आहे की काकूंकडे एकदा जाऊन आल्यावर सासूबाईंना आत बसणे पूर्वीइतके सोपे जाणार नाही, पण हा अंदाज आहे, त्यावर तुम्ही बेत आखू नये.

दोघी बाहेर बसल्या तर कोयरीचे काय, हा प्रश्न उरतोच. प्रत्येकीला आधी एकांतात विचारून ठेवा: हळद-कुंकू दोन्ही चालेल, नुसती हळद, की फक्त अत्तर-गुलाबपाणी आणि तिळगूळ? ज्या उत्तरात त्यांना अवघडल्यासारखे होणार नाही ते उत्तर बरोबर. काही स्त्रियांना कुंकू न लावण्यात गेलेल्या माणसाची आठवण जपल्यासारखे वाटते, आणि ते त्यांच्यावर लादलेलेच असेल असे समजून त्यांना ‘मुक्त’ करायला जाणे हाही एक प्रकारचा उद्धटपणा आहे. मात्र कोयरी त्यांच्यासमोर थांबली पाहिजे, याबाबत तडजोड नको. त्या नको म्हणाल्या तर त्यांनी म्हणावे, तुमच्या हाताने त्यांच्या वतीने आधीच ठरवून पुढे सरकू नये. आणि ओटी, तिळगूळ, वाण यांत तर कोणताही फरक नको.

कार्यक्रम बंद करावा का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या एका मैत्रिणीचे मत तसेच आहे. तिचे म्हणणे असे की विधवेला कुंकू लावून तुम्ही शेवटी कुंकवाचेच महत्त्व वाढवता, स्त्रीची ओळख नवऱ्याच्या असण्या-नसण्यावरून ठरवणारा समारंभ दुरुस्त कशाला करायचा, मोडूनच टाकावा. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण ती मोठ्या शहरात राहते आणि तिला बायकांना भेटायला दहा निमित्ते आहेत. तुमच्या गल्लीतल्या तीसजणी वर्षातून एकदा तुमच्या घरी निवांत बसतात, ते निमित्त मोडले तर त्या जागी दुसरे काही उभे राहील याची मला खात्री नाही. शिवाय यंदा कार्यक्रम बंद केलात तर त्याचा अर्थ गल्लीत असा लागेल की सासरे गेले म्हणून घरातले हळदी-कुंकू बंद पडले, म्हणजे ज्या अर्थाशी तुम्ही भांडता आहात त्यालाच दुजोरा मिळेल. नुसते नाव बदलून ‘तिळगूळ समारंभ’ करण्याची पद्धत हल्ली बऱ्याच हाउसिंग सोसायट्यांत आहे. नाव बदलायला हरकत नाही, पण अशा काही समारंभांत एका कोपऱ्यात तीच कोयरी निवडक कपाळे शोधत फिरताना मी पाहिली आहे, तेव्हा नावावर फार भिस्त ठेवू नका.

नावावरून आठवले. 2023 च्या एप्रिलमध्ये राज्याच्या तत्कालीन महिला व बालविकास मंत्र्यांनी ‘विधवा’ या शब्दाऐवजी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द वापरण्याविषयी विचार व्हावा असे सुचवले होते आणि त्यावर चांगलीच टीका झाली. ‘गं. भा.’ ही अक्षरे आपल्या लग्नपत्रिकांतून पिढ्यान्‌पिढ्या छापली जात आहेत, आणि गंगेचे पवित्र नाव घेऊनही त्यांचा अर्थ वाचणाऱ्याला तोच लागतो जो लागायचा असतो. निमंत्रणाचा मजकूर तुम्ही मोबाइलवरून पाठवत असाल तर ‘सर्व सुवासिनींनी अगत्य येण्याचे करावे’ हे दर वर्षीचे वाक्य काढून टाका आणि त्या जागी प्रत्येकीला नावाने, काकू, मावशी, वहिनी, जे तुम्ही एरवी म्हणता ते लिहून निमंत्रण पाठवा. ‘सौ.’ आणि ‘श्रीमती’ गाळली तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. ज्यांच्या लक्षात येईल त्यांना हेतूही कळेल.

यजमानांशी वाद घालू नका. त्यांना त्या दिवशी एक काम द्या. सतरंज्या घालून झाल्या की आईची खुर्ची बाहेरच्या खोलीत, दरवाजातून येणाऱ्याला पहिली दिसेल अशा जागी त्यांनी ठेवावी. गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही असे कारण त्या वयात कोणालाही पटते. खुर्ची रिकामी राहिली तरी येणारी प्रत्येक जण तिच्याकडे पाहून ‘काकू कुठे आहेत?’ असे विचारील, आणि गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न तुमच्या घरात कोणी विचारलेला नाही.

राहिले ते करंडे. दुकानदार परत घेत असेल तर परत करा, नाहीतर माळ्यावर ठेवून द्या, लग्नकार्यात देण्याघेण्याला उपयोगी पडतील. वाण आणायला सासूबाईंना बाजारात बरोबर न्या आणि त्यांना निवडू द्या. संख्या सांगताना तीस म्हणू नका, बत्तीस म्हणा.